समुद्र नसलेल्या गावातून: लुफी, कान्होजी आणि ‘चाचा’ हा शब्द

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर. मधले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि माझा खोकला काढून टाकलाय, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय. एक सूचना आधीच देतो. तुम्ही ‘वन पीस’ वाचत असाल आणि वानोपर्यंत पोचला नसाल, तर शेवटाकडे एक मोठा स्पॉयलर आहे. नंतर शिव्या देऊ नका.

तर झालं असं, की दिवाळीत मी कळवणला घरी गेलो होतो. माझा मावसभाऊ अकरावीत आहे. रात्री गच्चीवर गोधडी अंगावर घेऊन तो मोबाइलवर ‘वन पीस’ वाचत बसतो. मी पण इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर सेमिस्टरच्या सेमिस्टर त्यात घालवलेत, त्यामुळे आमचं जमतं. त्या रात्री त्याने विचारलं, “दादा, आपल्याकडे असा कोणी होता का? खरा?”

मी छाती फुगवून सांगितलं, “होता ना. कान्होजी आंग्रे.”

त्याने लगेच फोनवर शोधलं आणि दहा सेकंदांत म्हणाला, “इथं तर पायरेट लिहिलंय.”

मग मी आपण सगळे देतो ते उत्तर दिलं. इंग्रजांनी बदनाम केलं, इतिहास त्यांनी लिहिला, वगैरे. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “मग त्याने जहाजं पकडली नव्हती का? लोकांना धरून पैसे घेतले नव्हते का?”

आता बोला. घेतले होते. मी गप्प बसलो. आजचा भाग म्हणजे त्या गप्प बसण्याचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी आपला आणि समुद्राचा संबंध

आम्ही घाटावरची माणसं. कळवणमध्ये पाणी म्हटलं की गिरणा, चणकापूरचं धरण आणि कांद्याला मिळणारं आवर्तन. गिरणा आमच्याच तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते, पण समुद्र पश्चिमेला असताना ती पूर्वेकडे वळते, जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तापीबरोबर उलटी फिरून सुरतेजवळ समुद्राला जाते. आमचं पाणीसुद्धा समुद्राला लांबून वळसा घालून पोचतं. शाळेत आम्ही जो इतिहास शिकलो तोही असाच. त्यात घोडे, किल्ले, खिंडी सगळं होतं. आरमाराला मात्र एखाद-दोन परिच्छेद. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्याकडे परत यायचंय.

ताकद म्हणजे नेमकं काय?

ज्यांनी ‘वन पीस’ वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एइचिरो ओदा नावाचा जपानी चित्रकार १९९७पासून ही गोष्ट साप्ताहिकात काढतोय. शंभरच्या वर पुस्तकं झालीत आणि अजून संपलेली नाही. नायक लुफी. त्याने लहानपणी एक ‘डेव्हिल फ्रूट’ खाल्लं आणि त्याचं शरीर रबरासारखं झालं. हात ताणला की वीस फुटांवरचा माणूस ठोसा खातो. पण नियम असा, की असं फळ खाणाऱ्याला पोहता येत नाही. समुद्राचा राजा व्हायला निघालेला पोरगा पाण्यात पडला की दगडासारखा बुडतो.

मला ओदाची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. ताकद फुकट मिळत नाही, ती आपल्याबरोबर एक कमजोरी घेऊन येते. आणि दुसरं म्हणजे रबर ही काही भारी ताकद नव्हे. आग, वीज, बर्फ असलेले लोक समोर आहेत. लुफी जिंकतो तो त्या साध्या ताकदीचे नवे उपयोग शोधून. रक्त वेगाने फिरवायचं, हाडांत हवा भरायची, अशी एकेक ‘गिअर’ तो स्वतः घडवतो.

आता १७००च्या आसपासच्या कोकण किनाऱ्यावर या. ईस्ट इंडिया कंपनीचं मोठं व्यापारी जहाज घ्या. उंच, खोल बुडाचं, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा. त्याची ताकद कुशीत. एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम डागल्या की समोरचं जहाज उभं फाटायचं. कमजोरी दोन. वारा पडला की ते जागच्या जागी ठोकळा. आणि बूड खोल, म्हणून खाडीत, उथळ पाण्यात शिरता येत नाही.

आंग्र्यांकडे होते गुराब आणि गलबतं. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, उथळ बुडाचं, पुढे लांब निमुळतं नाक काढलेलं जहाज. त्याच्या नाकाडावरच्या तोफा सरळ समोर मारा करायच्या. गलबत त्याहून लहान, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारं. कोळी, भंडारी असे पिढ्यान्‌पिढ्या हाच किनारा तळहातासारखा ओळखणारे खलाशी.

डावपेच असा. वारा पडायची वाट बघायची. पडला, की वल्ह्यांची गलबतं दोर बांधून गुराबांना ओढत न्यायची, आणि नेमकी शत्रूच्या जहाजाच्या मागे. तिथे त्याच्या कुशीतल्या तोफा पोचत नाहीत. मागून शिडं आणि डोलकाठ्यांवर मारा करायचा, जहाज लंगडं झालं की गलबतांतून माणसं वर चढवायची. शत्रूचा मोठा ताफा आला तर सरळ खाडीत पसार. वर किल्ल्याच्या तोफा तयारच.

समोरच्यापेक्षा मोठी ताकद नाही, समोरची ताकद जिथे चालत नाही ती जागा शोधायची. लुफीच्या रबराने वीजवाल्या एनेलला हरवलं ते याच तत्त्वावर.

आणि कमजोरी? तीही होतीच. ही जहाजं किनाऱ्याची. खोल समुद्रात, उसळत्या लाटांवर उघड्यावर लढाई झाली तर गुराबाचं ते लांब नाकच अडचण. पावसाळ्यात ती किनाऱ्याला लावूनच ठेवायची. म्हणजे आंग्र्यांची सगळी ताकद किनाऱ्याला बांधलेली होती. किल्ले गेले की जहाजांना लपायला जागा नाही. हे कळीचं आहे.

माणूस कसा वाढला

‘वन पीस’मध्ये लुफी खरा कधी वाढतो? साबाओडी बेटावर त्याचे सगळे साथीदार डोळ्यांदेखत एकेक करून नाहीसे होतात आणि तो कोणालाच वाचवू शकत नाही. मग मरीनफोर्डला त्याचा भाऊ एस त्याच्या अंगावर जीव सोडतो. त्यानंतर हा पोरगा पहिल्यांदा थांबतो. दोन वर्षं गप्प बसून रेलीकडे शिकतो. एकट्याच्या जोरावर होणार नाही हे त्याला कळलेलं असतं.

कान्होजींच्या आयुष्यात असा टप्पा कुठला? माझ्या मते १७१३.

आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ, गाव आंगरवाडी. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजी सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याने वर आले आणि १६९८च्या सुमारास, सिधोजी गुजरांच्या मृत्यूनंतर, आरमाराचे प्रमुख झाले. सरखेल. हा तो काळ, जेव्हा औरंगजेब स्वतः दक्षिणेत ठाण मांडून बसलाय आणि मराठ्यांचं राज्य जवळजवळ घोड्यावरून चाललंय. १७०७ नंतर तर राज्यच दोन झालं. एकीकडे ताराबाई, दुसरीकडे शाहू. कान्होजी ताराबाईंच्या बाजूने.

शाहूंनी त्यांच्यावर पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना पाठवलं. कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं आणि लोहगडावर ठेवलं. सातारा फार लांब नव्हता. एखादा साधा पुंड असता तर पुढे गेला असता. शाहूंनी मग बाळाजी विश्वनाथांना नवा पेशवा करून पाठवलं. हा माणूस मूळचा श्रीवर्धनचा, म्हणजे घाटावरच्या दरबारातला कोकणी. त्याला समुद्र कळत होता. दोघांची बोलणी झाली, तलवार निघाली नाही. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं, पिंगळ्यांना सोडलं, आणि त्यांची सरखेली व किल्ले कायम झाले.

जिंकत असताना हात आखडता घेणं ही माझ्या मते कान्होजींची सगळ्यात मोठी ‘गिअर’. त्याचं फळ आठ वर्षांनी मिळालं. १७२१च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन सुमारे ६,००० माणसांनिशी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले. सोबत कमोडोर मॅथ्यूजची ब्रिटिश नौदलाची जहाजं. कान्होजी एकटे असते तर कठीण होतं. पण घाट उतरून मराठ्यांची घोडदळं आली आणि त्यांच्याबरोबर बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून अंग काढून घेतलं, इंग्रज हात हलवत परत गेले. समुद्राची कमजोरी जमिनीने झाकली.

मग चाचा कोण?

आता भावाच्या प्रश्नाकडे. हो, कान्होजींनी जहाजं पकडली. १७१२ साली तर मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज पकडलं. त्यात कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण बायको कॅथरीन कैदेत पडली. पुढच्या वर्षी ३०,००० रुपये घेऊन तिला सोडलं. त्या बाईच्या जागी उभं राहून बघितलं तर हे शौर्य वाटणार नाही. ते मी झाकणार नाही.

पण हे कुठल्या नियमाने चाललं होतं ते बघा. आंग्र्यांच्या पाण्यातून जायचं तर दस्तक घ्यायचं, म्हणजे पैसे भरून परवाना. दस्तक नाही तर जहाज जप्त. ही आंग्र्यांनी काढलेली युक्ती नव्हे. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हिंदी महासागरात हेच करत होते, त्याला कार्ताझ म्हणायचे. इंग्रज स्वतःही परवाने द्यायचे. पोर्तुगीजांचा कार्ताझ हे राज्याचं धोरण. इंग्रजांचा परवाना हा व्यापाराचा नियम. आणि मराठ्यांचं दस्तक ही चाचेगिरी!

थोडं मागे जाऊ. १६९५ साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने मक्केहून सुरतेला परतणारं ‘गंज-इ-सवाई’ हे मोगलांचं जहाज लुटलं. हज करून येणाऱ्या लोकांवर भयंकर अत्याचार झाले. तेव्हा मोगलांनी सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांनाच कोंडून ठेवलं. मोगलांच्या नजरेत चाचे कोण होते? इंग्रज. मग कॅप्टन किड. याला इंग्लंडच्या राजाने चाचे पकडायचा परवाना देऊन पाठवलं. त्याने मलबार किनाऱ्याजवळ व्यापारी जहाज लुटलं आणि १७०१ साली लंडनमध्ये फासावर गेला.

आणि आता १७१८. ‘वन पीस’मधला ब्लॅकबिअर्ड ज्याच्यावरून घेतलाय, तो खरा एडवर्ड टीच याच वर्षी अमेरिकेच्या किनाऱ्यावर मारला गेला. पण त्याआधी, त्याच वर्षी, त्याला राजाची माफी मिळाली होती. कागदावर शिक्का पडला आणि कुप्रसिद्ध चाचा सज्जन नागरिक झाला. (फार दिवस राहिला नाही, ती गोष्ट वेगळी.) त्याच १७१८मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून आपल्या समोरच्या खांदेरी बेटावर चाल करून गेला आणि हरून परतला. तिथे लढत असलेल्या कान्होजींच्या पाठीशीही एका राजाचा शिक्का होता. छत्रपती शाहूंचा. पण तो शिक्का मुंबईच्या वखारीला दिसत नव्हता.

ओदाच्या गोष्टीत ‘शिचिबुकाय’ नावाचे सात चाचे आहेत. जागतिक सरकारने त्यांना लुटायची मुभा दिलीय, कारण ते सरकारच्या कामी येतात. वाचताना वाटतं काय भन्नाट कल्पना आहे. अहो, अठराव्या शतकात सगळा समुद्रच असा चालला होता. चाचा आणि सरखेल यांच्यातला फरक जहाजावर नव्हता. तो शिक्का कोण मानतो, यावर होता.

जहाज फुटतं ते आतून

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. १७२४मध्ये डच विजयदुर्गावर येऊन गेले, काही करू शकले नाहीत. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. समाधी अलिबागला आहे. हयात असेपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, डच, सिद्दी, कोणालाच त्यांना संपवता आलं नाही.

मोठा मुलगा सेखोजी चार वर्षांत गेला. मग संभाजी आणि मानाजी या भावांचं जुंपलं. पेशव्यांनी मध्ये पडून वाटणी केली. मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे. भांडण मिटलं म्हणायचं, पण एका आरमाराची दोन झाली. आणि दोन झालेली आरमारं पेशव्यांना सोयीची होती, हेही खरं.

‘वन पीस’मध्ये वॉटर सेव्हनला असाच प्रसंग आहे. जुनं जहाज सोडायचं की नाही यावरून लुफी आणि उसॉप भांडतात, एकमेकांना मारतात, उसॉप निघून जातो. पण पुढे तो माफी मागतो आणि ते एकमेकांना परत घेतात. आंग्र्यांच्या घरात कोणी माफी मागितली नाही.

दरम्यान मुंबईत काय चाललं होतं? १७३६मध्ये सुरतेहून लवजी वाडिया नावाचा पारशी जहाजबांधणीसाठी आला. १७५०मध्ये तिथे दगडी सुकी गोदी उभी राहिली. कंपनीने आंग्र्यांसारखी गलबतंसुद्धा बांधून वापरली. समोरचा शत्रू आपल्या चुकांवरून शिकत होता. तोही वाढत होता.

संभाजीनंतर तुळाजी आला. शूर होता, पण वडिलांचा १७१३चा धडा विसरलेला. पेशव्याला जुमानत नव्हता, किनाऱ्यावर सगळ्यांशी एकदम वैर. आणि नानासाहेब पेशव्याने मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. वॉटसनचं ‘केंट’ हे जहाज ७० तोफांचं. आत बंदरात आंग्र्यांचं सगळं आरमार एकमेकांना लागून उभं. एक तोफगोळा एका जहाजावर पडला, आग लागली, ती दुसऱ्याला, तिसऱ्याला. संध्याकाळपर्यंत कान्होजींपासूनची कमाई पाण्यावर जळून गेली. ते पहिलं पेटलेलं जहाज आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडलेलं होतं.

तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिला. विजयदुर्गात सुमारे १० लाख रुपयांची लूट मिळाली. ती इंग्रज अधिकारी आणि सैनिकांनी आपसात वाटून घेतली. कोणाला किती वाटा, हे त्यांनी मुंबईहून निघायच्या आधीच बसून ठरवलं होतं. मित्र असलेल्या पेशव्याला त्यातला छदाम नाही, आणि किल्ला ताब्यात द्यायलाही महिनोन्‌महिने टाळाटाळ.

लुटीचे वाटे आधी ठरवून जहाजावर चढणारे. यांना मराठीत काय म्हणतात, ते तुम्हीच ठरवा.

पुढच्याच वर्षी, १७५७मध्ये, तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह बंगालमध्ये होते. प्लासी.

आता परत आमच्या कळवणला. गच्चीवरून दिवसा धोडप किल्ल्याचा सुळका दिसतो. मध्येच खाच पडलेला, लांबूनही ओळखू येतो. विजयदुर्गानंतर बारा वर्षांनी, १७६८मध्ये, त्या धोडपच्या पायथ्याशी माधवराव पेशव्यांनी सख्ख्या काकाला, रघुनाथरावाला, लढाईत हरवून कैद केलं. नानासाहेबांनी आंग्र्यांच्या घरातली फूट वापरली. मग त्यांच्या स्वतःच्या घरात फूट पडली, आणि पुढे हाच रघुनाथराव मदतीसाठी मुंबईकर इंग्रजांच्या दारात गेला. लहानपणापासून मी धोडपकडे नुसता ट्रेकचा किल्ला म्हणून बघत होतो. हा आमच्या घाटावरच्या इतिहासाला सुटलेला परिच्छेद आहे. आरमार जाळायला मदत करणारे इंग्रज होते, पण बोलावणं आपल्या बाजूने गेलं होतं.

फळाचं खरं नाव

आता तो स्पॉयलर. वानोमध्ये कळतं, की लुफीने खाल्लेलं फळ रबराचं नव्हतंच. ते वेगळंच होतं, गुलामांना मुक्त करणाऱ्या एका योद्ध्याचं. जागतिक सरकारने त्याचं नाव मुद्दाम बदललं होतं, म्हणजे इतिहासातून ते पुसलं जावं. आठशे पानांची लढाई एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. कारण ओदा सांगतोय, की सगळ्यात मोठी ताकद नाव देण्याची असते.

१९०७ साली जॉन बिडल्फने या सगळ्या लढायांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मेहनत भरपूर, पण नावातच ‘मलबारचे चाचे’. २००७च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ सिनेमात हिंदी महासागराचा चाचा-सरदार म्हणून एक ‘श्री संभाजी’ दिसतो, तो आंग्र्यांच्याच नावावरचा. लंडनमध्ये शूटर्स हिलवर एक मनोरा आहे, सेव्हर्नड्रूग कॅसल. विल्यम जेम्सच्या विधवेने १७८४मध्ये नवऱ्याच्या आठवणीत बांधलेला. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. आपल्याकडे मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव १९५१पासून ‘आंग्रे’ आहे, आणि खांदेरी आता कान्होजी आंग्रे बेट.

म्हणून परवा मी भावाला फोन केला. सांगितलं, “तू विचारलंस ते बरोबर होतं. जहाजं पकडली, माणसं धरली, खंडणी घेतली. पण तो राज्याचा सरखेल होता आणि त्याच्या समुद्राचा नियम तोच चालवत होता. दोन्ही खरं आहे. ‘पायरेट’ लिहिलेलं दिसलं की एवढंच विचार, हे नाव कोणी दिलं आणि त्याने स्वतः त्या वर्षी काय लुटलं?”

तो म्हणाला, “आणि तुळाजी?”

मी म्हटलं, “तो साबाओडीला पोचला. फक्त त्याला दोन वर्षं मिळाली नाहीत.”

थोडा वेळ तिकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाला, “दादा, सुट्टीत विजयदुर्गाला जायचं का?”

जाणार आहोत. घाटावरची दोन माणसं, समुद्र बघायला. परत आलो की त्याचा वेगळा भाग करीन. तोपर्यंत, भेटूच.